आयर्लंडमधली नोकरी, प्रशिक्षण आणि गावातला धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथल्या गणपतीत प्रसादाचं ताट हातात घेऊन नवी मंडळी जे विचारतात आणि पुण्या-साताऱ्याहून फोनवर नातेवाईक जे विचारतात, ते प्रश्न वर्षानुवर्षं जवळपास तेच आहेत. म्हणून एकदाच बसून लिहून काढले. मी वकील नाही, सरकारी नोकरही नाही. लिमरिककडे राहतो आणि फॉर्म भरायला लोकांसोबत जातो, एवढंच. आकडे 2026 च्या सुरुवातीचे आहेत. इथे ऑक्टोबरात अर्थसंकल्प येतो आणि जानेवारीत निम्मे आकडे बदलतात, त्यामुळे हे पान वर्षभराने वाचत असाल तर आकडा एकदा पडताळून घ्या.

हे नेमकं कुठलं आयर्लंड?

प्रजासत्ताक आयर्लंड, म्हणजे डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिक असलेल्या 26 काउंट्या. बेलफास्ट आणि डेरी उत्तर आयर्लंडमध्ये येतात. तो भाग ब्रिटनचा, तिथे पौंड चालतो आणि किमान वेतनापासून भत्त्यांपर्यंत सगळे नियम निराळे. डोनेगलमध्ये राहून डेरीत कामाला जाणारे बरेच आहेत; त्यांनी दोन्हीकडे चौकशी करावी.

कुठल्या कामासाठी कुठलं दार ठोठवायचं?

दारं तीन. भत्ता आणि नोकरी शोधण्याची मदत हवी असेल तर इंट्रिओ कार्यालय. काही शिकायचं असेल तर तुमच्या भागाचं शिक्षण-प्रशिक्षण मंडळ. अशी 16 मंडळं आहेत आणि लोक त्यांना 'ईटीबी' म्हणतात. छोटा धंदा काढायचा असेल तर लोकल एंटरप्राइज ऑफिस, बोलताना 'लिओ'. ही 31 आहेत आणि काउंटीच्या नाहीतर शहराच्या कौन्सिलमध्येच बसतात.

ही रचना जुनी नाही. 2008 च्या मंदीत देश कोसळला आणि 2012 च्या सुमाराला बेरोजगारी 15 टक्क्यांच्या आसपास गेली. तोपर्यंत प्रशिक्षणाचं सगळं काम 'फॉस' नावाच्या एकाच अवाढव्य संस्थेकडे होतं. तिथल्या खर्चाच्या उधळपट्टीच्या बातम्या 2008 मध्ये बाहेर आल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. मग 2012 मध्ये इंट्रिओ आलं. 2013 मध्ये फॉस मोडून 'सोलस' ही मध्यवर्ती संस्था केली आणि जुन्या 33 व्यावसायिक शिक्षण समित्या एकत्र करून 16 मंडळं उभी राहिली. 2014 मध्ये लिओ आली.

पैसा डब्लिनचा, दार मात्र काउंटीचं, अशी ही रचना आहे. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या सवयीने इथल्या काउंटी कौन्सिलकडे पाहू नका. शाळा, दवाखाने, पोलीस, बस यातलं काहीच तिच्या हातात नसतं. नियम वर ठरतो, रक्कम वर ठरते. खिडकीपलीकडच्या माणसाला तो नियम किती नीट ठाऊक आहे, यावर तुमचं काम एका फेरीत होतं की पाच. एकच प्रश्न दोन काउंट्यांत विचारून दोन उत्तरं मिळाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून उत्तर लेखी मागा. ईमेलवर मागितलं तर सहसा मिळतं.

किमान वेतन किती आहे आणि कोण ठरवतं?

1 जानेवारी 2026 पासून तासाला 14.15 युरो. 39 तासांच्या आठवड्याचे साधारण 552 युरो होतात, कर आणि विमा कापायच्या आधी. हे वेतन 1 एप्रिल 2000 ला सुरू झालं तेव्हा युरोच्या नोटा यायच्या होत्या. दर होता 4 आयरिश पौंड 40 पेन्स. 2011 च्या फेब्रुवारीत सरकारने तासामागे चक्क एक युरो कापला होता. निवडणूक झाली, सरकार बदललं आणि त्याच जुलैत तो परत लावला गेला.

2015 पासून लो पे कमिशन दर वर्षी शिफारस करतं आणि सरकार ती सहसा मान्य करतं. पुढचं उद्दिष्ट 'जगण्यापुरतं वेतन', म्हणजे मधल्या कामगाराच्या तासाच्या कमाईच्या 60 टक्के. हे 2026 मध्ये व्हायचं होतं. लहान धंदेवाल्यांनी ओरड केली आणि मुदत 2029 वर गेली.

एक गोष्ट मुलांच्या आईवडिलांसाठी. विशीच्या आतल्यांना कमी देण्याची मुभा कायद्यात आहे: 18 च्या आत 70 टक्के, 18 ला 80, 19 ला 90. कमिशननेच ही पद्धत बंद करा म्हटलंय, पण अजून चालू आहे. शनिवार-रविवारी दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलाच्या स्लिपवर आकडा कमी दिसला तर आधी त्याचं वय मोजा, मग मालकाशी भांडा.

जानेवारीच्या स्लिपवर 'माय फ्युचर फंड' म्हणून पैसे कापले गेले. हे काय?

पेन्शन. आयर्लंडने हे आणायला वीसेक वर्षं नुसती चर्चा केली आणि अखेर 1 जानेवारी 2026 ला ते सुरू झालं. वय 23 ते 60, वर्षाची कमाई 20,000 युरोंच्या वर आणि कंपनीची स्वतःची पेन्शन नाही, असा माणूस आपोआप यात ओढला जातो. तुम्ही पगाराचा दीड टक्का घालता, मालक तेवढाच घालतो, सरकार अर्धा टक्का. 30,000 कमावणाऱ्याचे वर्षाला 450 जातात आणि खात्यात 1,050 पडतात. दहा वर्षांत तुमचा आणि मालकाचा वाटा सहा-सहा टक्क्यांपर्यंत चढत जाणार आहे.

आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखंच म्हणाल तर हो, पण घरासाठी, लग्नासाठी मधेच काढता येत नाही. सहा महिने झाल्यावर बाहेर पडण्याची छोटी खिडकी असते. दोन वर्षांत भारतात परतायचंय म्हणून कापू नका, असं सांगणारे भेटतात. पण बाहेर पडलात तर मालकाचा आणि सरकारचा वाटा तुमच्या हाती येत नाही, हे लक्षात घेऊन ठरवा.

आजारी पडलो तर पगार मिळतो का?

वर्षातून 5 दिवस, पगाराच्या 70 टक्के, दिवसाला जास्तीत जास्त 110 युरो. 13 आठवडे नोकरी झालेली हवी आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं. त्यापुढे सरकारचा आजारपणाचा भत्ता, तोही पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याचे हप्ते पुरेसे भरलेले असतील तर.

2023 च्या आधी आजारपणाचा पगार द्यायलाच हवा असा कायदा इथे नव्हता. चांगल्या कंपन्या देत, बाकीचे देत नसत. हा कायदा 2022 मध्ये ज्या मंत्र्याने आणला त्याचं मूळ मालवण तालुक्यातल्या वराड गावचं: लिओ वराडकर, तेव्हाचे उपपंतप्रधान आणि उद्योगमंत्री. डिसेंबर 2019 मध्ये पंतप्रधान असताना ते कुटुंबासह वराडला जाऊन आले, तेव्हा आपल्या पेपरांतून फोटो झळकले होते. त्या फोटोंच्या खाली त्यांच्या कामगार-धोरणाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. हा कायदा त्यांचाच, आणि समाजकल्याण मंत्री असताना 2017 मध्ये भत्ता लाटणाऱ्यांविरुद्ध जी जाहिरात मोहीम निघाली, जिच्यावर गरिबांना चोर ठरवते अशी टीका झाली, तीही त्यांचीच. योजना मुळात 3, मग 5, 7 आणि 10 दिवस अशी चढायची होती. 5 वर येऊन 2025 मध्ये तिला ब्रेक लागला.

मालकाने पगार बुडवला, सुट्ट्या दिल्या नाहीत. कुणाकडे जायचं?

वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे. फी नाही, वकील लागत नाही, फॉर्म ऑनलाइन. मुदत मात्र सहा महिन्यांची. सबळ कारण असेल तर बारा. 'आत्ता नोकरीत आहे, सोडल्यावर बघू' म्हणत आपली माणसं मुदत घालवतात. निकाल पटला नाही तर 42 दिवसांत लेबर कोर्टात अपील. ते कोर्ट 1946 पासून आहे.

काय मागता येतं याची कल्पना असू द्या. वर्षाला चार आठवडे पगारी रजा, दहा सार्वजनिक सुट्ट्या, आठवड्याला सरासरी 48 तासांची कमाल मर्यादा. कामावर लागल्यापासून पाच दिवसांत मुख्य अटी लेखी मिळायला हव्यात. डिसेंबर 2022 पासून हॉटेलातली टिप मालकाला स्वतःच्या खिशात घालता येत नाही आणि ती कशी वाटली जाते याचा फलक ग्राहकाला दिसेल असा लावावा लागतो. हॉटेलात काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी तो फलक आहे का, एवढं जरी पाहिलं तरी पुष्कळ.

नोकरी गेली तर हातात किती येतं?

दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्यांची गल्लत करू नका.

पहिली कपातीची भरपाई, मालकाकडून. दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत. दर वर्षामागे दोन आठवड्यांचा पगार आणि वर एक आठवडा, पण आठवडा 600 युरोंच्या वर मोजत नाहीत. आठवड्याला 800 कमावणाऱ्याला सात वर्षं झाली असतील तर 15 गुणिले 600, म्हणजे 9,000. या रकमेवर कर नाही.

दुसरी सरकारची मदत. 31 मार्च 2025 पासून ती जुन्या पगाराशी जोडली आहे. पाच वर्षांचे विमा हप्ते भरलेले असतील तर पहिले तीन महिने पगाराच्या 60 टक्के, कमाल 450. पुढचे तीन महिने 55 टक्के, कमाल 375. शेवटचे तीन महिने 50 टक्के, कमाल 300. आठवड्याला 600 मिळवणाऱ्याला 360, मग 330, मग 300 मिळतील. 900 मिळवणाऱ्याला वाटतं 540 येतील, पण तो पहिल्याच पायरीला 450 वर अडतो. हप्ते दोन ते पाच वर्षांचे असतील तर 50 टक्के, कमाल 300, सहा महिने.

आधी सगळ्यांना एकच सपाट रक्कम मिळे. कोविडच्या मार्चमध्ये सरकारला रातोरात 350 युरोंचा खास भत्ता काढावा लागला आणि मे 2020 च्या सुरुवातीला सहा लाखांवर लोक तो घेत होते. घराचा हप्ता असलेल्या मध्यमवर्गाला नेहमीच्या भत्त्यात काही भागत नाही, हे तेव्हा सगळ्या देशाला एकदम कळलं. नव्या पद्धतीचं मूळ तिथे आहे, असं माझं मत.

मी वर्क परमिटवर आहे. यातलं मला काय लागू?

किमान वेतन, रजा, आजारपणाचा पगार, कपातीची भरपाई, कमिशनकडे तक्रार: सगळं. परमिटचा यांच्याशी संबंध नाही. मालक 'परमिट रद्द करीन' म्हणून धमकावत असेल तर सप्टेंबर 2024 पासून लागू झालेला कायदा वाचा. नऊ महिन्यांनंतर त्याच प्रकारच्या कामासाठी मालक बदलता येतो, नवं परमिट लागत नाही. नोकरी गेली तर चार आठवड्यांच्या आत परमिट देणाऱ्या खात्याला कळवायचं, हे विसरू नका.

स्वतःचा धंदा मात्र स्टँप 1 वर, म्हणजे परमिटवाल्याला मिळणाऱ्या राहण्याच्या परवानगीवर, करता येत नाही. क्रिटिकल स्किल्स परमिटवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला नोकरीची परवानगी मिळते, तिच्यावरही धंदा काढता येत नाही. त्यासाठी स्टँप 4, म्हणजे परमिटशिवाय नोकरी-धंदा करू देणारी परवानगी, येईपर्यंत थांबायचं. डबे करून देते, कुणाला कळतंय, असं म्हणणाऱ्या वहिनी मला भेटल्या आहेत. नूतनीकरणाच्या वेळी हेच अंगाशी येतं.

मुलाला कॉलेजात रस नाही. उमेदवारी (अप्रेंटिसशिप) केली तर?

हा प्रश्न आपल्याकडचे लोक आवाज खाली आणून विचारतात. गरज नाही.

इथली कारागिरीची उमेदवारी 1967 च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्यावर उभी आहे. वायरमन, प्लंबर, सुतार, गवंडी, गाड्यांचे मेकॅनिक: चार वर्षं, सात टप्पे. आधी मालक शोधायचा; मालक नाही तर उमेदवारी नाही. विषम टप्पे मालकाकडे कामावर. दुसरा टप्पा ईटीबीच्या प्रशिक्षण केंद्रात पाच-एक महिन्यांचा, चौथा आणि सहावा तंत्रज्ञान विद्यापीठात साधारण अडीच-अडीच महिन्यांचे. केंद्रात असताना मालक पगार देत नाही, सरकार भत्ता देतं.

शेजारच्या घरातला मुलगा वायरमनकीच्या दुसऱ्या टप्प्यात होता, तेव्हा त्याने केंद्रात केलेला फळा आणून दाखवला होता: दीड हात लाकडी पाटी, तिच्यावर एक बोर्ड, दोन दिवे, दोन्हीकडून चालणारा जिना-स्विच. वायरी इतक्या सरळ की वळणावरची त्रिज्याही सगळीकडे सारखी. मास्तरांनी तो तीनदा उपटून पुन्हा करायला लावला होता. मग म्हणाले, आता भिंतीच्या आत लपव.

आता पगार. बांधकामात पहिल्या वर्षी पूर्ण कारागिराच्या दराच्या एक-तृतीयांश, मग 50, 75 आणि 90 टक्के. आणि किमान वेतनाचा कायदा या कारागिरी उमेदवारांना लागूच होत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाचा सुतार सुपरमार्केटात फळ्या भरणाऱ्या मित्रापेक्षा कमी कमावतो. देशात घरांची टंचाई, कारागीर मिळत नाहीत म्हणून मंत्री भाषणं करतात, आणि पोराला पहिलं वर्ष बापाच्या घरात राहूनच काढावं लागतं. ज्याचे आईबाप जवळ नाहीत त्याने काय करायचं? कोविडनंतर दुसऱ्या टप्प्याच्या जागांसाठी हजारो उमेदवार खोळंबले होते. 2025 पर्यंत वर्षाला 10,000 नवे उमेदवार हे सरकारचं उद्दिष्ट होतं, आणि 2022 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यालयही काढलं. कार्यालय काढणं सोपं असतं.

2016 पासून विमा, हिशेब, स्वयंपाक, सॉफ्टवेअर अशा क्षेत्रांतही उमेदवारी सुरू झाली आहे. त्यात नोकरी करता करता पदवीपर्यंत जाता येतं. आपल्याकडच्या पालकांना ही जास्त पचते.

भारतातून आयटीआय करून आलो आहे. ते धरतात का?

थेट नाही. प्रमाणपत्र इथल्या दहा पायऱ्यांच्या पात्रता चौकटीत कुठे बसतं ते नारिक आयर्लंड सांगतं. बांधकामाच्या जागेवर पाय ठेवायला 'सेफ पास' हा एका दिवसाचा सुरक्षा कोर्स लागतो, त्याचं कार्ड चार वर्षं चालतं. तो आधी करून टाका. फोरमन पहिला प्रश्न तोच विचारतो.

पदवी आहे, नोकरीही आहे. काही नवीन शिकायला मदत?

स्प्रिंगबोर्ड प्लस पाहा. 2011 पासून आहे. बेरोजगारांना मोफत, नोकरदारांना फीच्या 90 टक्के सरकार भरतं. कंपन्यांच्या गटांतून चालणारं स्किलनेट 1999 पासून आहे; तुमच्या मॅनेजरला विचारा, त्यालाही बहुधा ठाऊक नसेल. हा पैसा मालकांच्या विमा हप्त्यातल्या एक टक्का प्रशिक्षण-निधीतून येतो, म्हणजे तुमच्या नावावर तो आधीच भरला गेलेला आहे.

गावात पिवळी जॅकेटं घालून गवत कापणारी माणसं कौन्सिलची का?

बहुतेक नाहीत. ती 'कम्युनिटी एम्प्लॉयमेंट'वर असतात, इथे सगळे नुसतं 'सीई' म्हणतात. 1994 पासूनची योजना आहे. बराच काळ बेकार असलेल्याने आठवड्याला साडेएकोणीस तास गावाच्या संस्थेत काम करायचं, त्याला भत्ता आणि वर थोडी भर मिळते. मालक म्हणजे गावचा क्रीडा क्लब, पाळणाघर, म्हाताऱ्यांचं जेवणघर, नाहीतर 'टायडी टाऊन्स'ची समिती. टायडी टाऊन्स ही स्वच्छ-सुंदर गावांची स्पर्धा 1958 पासून चालू आहे आणि तिच्या निकालावरून गावागावांत जी खुन्नस असते ती पाहिली तर आपल्या ग्रामपंचायती आठवतील.

दुसरी 'टूस', म्हणजे आयरिश भाषेत 'सुरुवात'. 2011 ची, बारा महिन्यांची, तास तेवढेच. तिसरी 2004 ची ग्रामीण सामाजिक योजना: ज्यांचं शेतीवर किंवा मासेमारीवर भागत नाही अशा शेतकऱ्या-कोळ्यांसाठी. स्वतःची गुरं सांभाळून उरलेल्या वेळात गावच्या वाटा, कुंपणं, दफनभूमी नीट ठेवायची. पश्चिम किनाऱ्याच्या खडकाळ काउंट्यांत या योजनेला मान आहे. तिथे कुणी 'सरकारी मदत घेतो' म्हणत नाही, 'स्कीमवर आहे' म्हणतात, आणि त्यात कमीपणा नसतो.

या योजनांनी माणूस खऱ्या नोकरीला लागतो का, यावर अर्थशास्त्रज्ञ कायम नाक मुरडतात. त्यांचं बरोबरही असेल. पण ज्या गावात बस दिवसातून दोनदा येते तिथे या योजनेचा स्वयंपाकी गेला तर म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण बंद पडतं, हा हिशेब त्यांच्या तक्त्यात बसत नाही. सरकारनेही तो दोन्ही बाजूंनी वापरला आहे. सीईच्या पर्यवेक्षकांना पेन्शन द्या, असं लेबर कोर्टाने 2008 मध्ये सांगितलं. ते आमचे नोकर नाहीत, असं म्हणत सरकारने ते प्रकरण लोंबकळत ठेवलं आणि 2021 च्या अखेरीस एकरकमी पैशांवर मिटवलं. मधल्या काळात कित्येक जण रिकाम्या हाताने निवृत्त झाले.

आणखी एक प्रयोग 'जॉबब्रिज', 2011 चा. खासगी कंपनीत इंटर्नशिप करा, भत्त्यावर आठवड्याला 50 युरो जास्त घ्या. फुकटात पोरं राबवून घेण्याची सोय म्हणून तो बदनाम झाला आणि 2016 मध्ये बंद झाला. बंद करणारे मंत्री पुन्हा वराडकरच.

लिओ कार्यालय धंद्याला अनुदान देतं म्हणे. हॉटेल काढायचंय, किती मिळेल?

हॉटेलाला थेट अनुदान बहुधा शून्य. या उत्तराने सगळ्यात जास्त चेहरे पडतात, म्हणून कारण सांगतो. लिओचा मोठा पैसा दहा माणसांच्या आतल्या, पण वस्तू बनवणाऱ्या किंवा परदेशात विकू शकणाऱ्या धंद्यांना जातो. गावात दोन कॅफे आहेत. तिसऱ्याला सरकारने पैसे दिले तर पहिल्या दोघांपैकी एक बुडणार, रोजगार होता तेवढाच राहणार. याला ते 'डिस्प्लेसमेंट' म्हणतात. सलून, किराणा, टॅक्सी यांनाही तोच नियम.

तरी दार ठोठवा. 'स्वतःचा धंदा सुरू करा' हा संध्याकाळचा कोर्स नाममात्र फीत असतो आणि खरोखर चांगला असतो. अनुभवी मार्गदर्शक मिळतो. बँकेने नाही म्हटलं तर मायक्रोफायनान्स आयर्लंडकडे (2012 पासून) लहान कर्जाचा अर्ज लिओमार्फत केला की व्याज थोडं कमी पडतं. कल्पना टिकेल का ते तपासायला निम्म्या खर्चाइतकं, जास्तीत जास्त 15,000 युरो अनुदान आहे, पण ते वर सांगितलेल्या प्रकारच्या धंद्यांनाच. आणि भत्त्यावर असताना धंदा सुरू केला तर 'बॅक टू वर्क एंटरप्राइज अलाउन्स'खाली पहिलं वर्ष पूर्ण भत्ता आणि दुसरं वर्ष 75 टक्के भत्ता चालू ठेवता येतो. माझ्या मते सगळ्या यादीतली ही सर्वात शहाणी योजना.

आता मसाल्यांकडे या. घरगुती गोडा मसाला, लोणची, चकल्या यांना नुसतं हॉटेल काढण्यापेक्षा जास्त वाव आहे, कारण ही 'वस्तू' आहे आणि ती निर्यात होऊ शकते. आधी आरोग्य खात्याकडे अन्न-व्यवसाय म्हणून नोंद करा. निरीक्षक घरी येतात आणि फ्रिजचं तापमान लिहून ठेवायची वही मागतात. लेबलवर मोहरी, तीळ, शेंगदाणे हे ॲलर्जीचे पदार्थ ठळक हवेत. आपल्या मसाल्यात तिन्ही निघतात. मग लिओ, बोर्ड बिया (अन्नमालाच्या विक्रीचं सरकारी मंडळ) आणि सुपरव्हॅल्यू ही सुपरमार्केटांची साखळी मिळून चालवतात ती 'फूड अकॅडमी' आहे: नवा उत्पादक शिकतो आणि जवळच्या दुकानाच्या फळीवर त्याचा माल लागतो.

शहरापासून लांब राहतो. तिकडे काही पोहोचतं का?

पोहोचतं, आणि तिथे निर्णयही थोडा स्थानिक असतो. युरोपीय संघाचा 'लीडर' कार्यक्रम इथे 1991 पासून आहे; 2023 ते 2027 साठी 180 दशलक्ष युरो. गावकरी, कौन्सिल, धंदेवाले यांचा गट बसून ठरवतो: सायकलची वाट करायची की चीज बनवणाऱ्याला यंत्र द्यायचं. कागदपत्रांचा जाच मात्र असा की तीन कोटेशनं गोळा करता करता उन्हाळा संपतो.

आयरिश बोलणाऱ्या भागांसाठी उडरास ना गेल्टाख्ता हे वेगळं विकास मंडळ 1980 पासून आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे: गावात नोकरी नसेल तर तरुण जातो, आणि त्याच्याबरोबर भाषाही जाते. त्यामुळे भाषेचं मंडळ कारखान्यांना जागा बांधून देतं.

घरून काम करणाऱ्यांसाठी गावोगाव हब झाले आहेत. कॉर्कमधल्या स्किबरीन गावच्या हबला लडगेट नाव दिलंय. पर्सी लडगेट हा 1883 मध्ये तिथे जन्मलेला कारकून, ज्याने 1909 मध्ये यांत्रिक संगणकाचा आराखडा छापला होता.

कारखानाच बंद पडला तर सरकार काय करतं?

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही आमच्या शॅनन नदीच्या काठच्या.

जानेवारी 2009. डेल या संगणक कंपनीने लिमरिकचं उत्पादन पोलंडमधल्या वूच शहरात हलवायचं जाहीर केलं; 1,900 नोकऱ्या. त्यांना माल पुरवणाऱ्यांच्या वेगळ्याच. युरोपच्या जागतिकीकरण निधीतून 2,400 कामगारांच्या प्रशिक्षणासाठी 14.8 दशलक्ष युरो मंजूर झाले. पैसा होता, पण खर्चाची मुदत दोन वर्षं आणि मोजणी अर्जाच्या तारखेपासून. मंजुरीला वेळ गेला, कोर्स ठरायला वेळ गेला. ज्याला वयाच्या चाळिशीत चार वर्षांची पदवी करायची होती, त्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच निधी संपला.

दुसरी गोष्ट पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या मातीची, जी इथे चुलीत आणि वीजकेंद्रात जळायची. बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी 1946 पासून ती काढत होती. ऑफलीसारख्या मधल्या काउंट्यांत आजोबा, बाप, मुलगा एकाच कंपनीत असायचे. डिसेंबर 2020 मध्ये शॅननब्रिज आणि लेनझबरो इथली वीजकेंद्रं बंद झाली, जानेवारी 2021 मध्ये कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवलं. इथे सरकार डेलच्या वेळेपेक्षा शहाणं वागलं. 108 दशलक्ष युरो देऊन 33,000 हेक्टर दलदल पुन्हा ओली करायचं काम काढलं आणि ते त्याच कामगारांना दिलं. ज्या माणसाने तीस वर्षं चर खणून पाणी काढलं, तोच आता त्याच यंत्राने चर बुजवतो. युरोपचा आणि आयर्लंडचा मिळून 169 दशलक्षांचा संक्रमण निधी नव्या धंद्यांसाठी आहे. पण पन्नाशीच्या यंत्रचालकाला 'पर्यटनात या' म्हणणं किती खरं, हे त्या पट्ट्यात गेल्यावर विचारून पाहा.

आपल्या सीप्झचा आयर्लंडशी संबंध आहे, हे खरं का?

खरं आहे. अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधनाला शॅननला उतरायची. जेट आली आणि उतरायची गरज संपत आली. विमानतळावर पहिलं ड्युटी-फ्री दुकान काढणाऱ्या ब्रेंडन ओ'रिगन यांच्या पुढाकाराने 1959 मध्ये तिथे करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आधुनिक निर्यात क्षेत्रांतलं हे पहिलं मानतात. पुढे जगाने तो साचा उचलला: 1965 मध्ये कांडला, 1973 मध्ये अंधेरीचं सीप्झ. माझी मावशी सीप्झमध्ये सर्किट जोडायची. तिला शॅनन दाखवायला नेलं तेव्हा म्हणाली, 'शेडची छपरं तीच आहेत रे.'

पहिल्यांदा इंट्रिओत जाताना काय घेऊन जाऊ?

पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), पासपोर्ट, इमिग्रेशन कार्ड, नोकरीचा करार, शेवटच्या पगाराच्या स्लिपा, मालकाचं काढल्याचं पत्र आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याचा करार मित्राच्या नावावर असेल तर त्याचं पत्र सोबत घ्या, नाहीतर तिथूनच परत पाठवतात. नोकरी गेल्या दिवशीच अर्ज करा; उशीर केलात तर मागचे दिवस सहसा धरत नाहीत. आणि सकाळी लवकर जा. लिमरिकमध्ये दहानंतर पार्किंग मिळत नाही.